शत्रूसाठी शोक

ज्याला जग शत्रू मानते, त्याच्यासाठी शोक करावा काय? हा प्रश्न एका चित्राने आमच्यापुढे उभा केला.

मार्सडेन हार्टली हा अमेरिकेच्या आरंभीच्या अमूर्त चित्रकारांपैकी एक. १९१३ साली तो बर्लिनला राहावयास गेला. तेथील लष्करी संचलनांतले झेंडे आणि गणवेश यांच्या रंगांनी त्याला भुरळ घातली. कार्ल फॉन फ्रायबर्ग हा तरुण प्रशियन लेफ्टनंट त्याचा जिवलग होता. ७ ऑक्टोबर १९१४ रोजी तो महायुद्धात धारातीर्थी पडला. वय अवघे २४ वर्षे.

त्यानंतर हार्टलीने 'एका जर्मन अधिकाऱ्याचे व्यक्तिचित्र' हे तैलचित्र रंगविले. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उंची १७३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पुरुषभर. परंतु त्यात पुरुष नाही. चेहरा नाही, डोळे नाहीत. आहेत ते जर्मन ध्वजांचे पट्टे, बव्हेरियाचे निळे-पांढरे चौकोन, लोहक्रूस, मृताची आद्याक्षरे आणि २४ हा आकडा. लाल, पिवळा, निळा, पांढरा, हे सारे रंग संचलनातलेच. मात्र त्यांच्यामागे दाट काळोख पसरला आहे. त्या काळ्या रंगामुळे मिरवणुकीची अंत्ययात्रा झाली आहे.

१९१६ साली न्यूयॉर्कमध्ये या चित्रांचे प्रदर्शन भरले. अमेरिका युद्धात उतरली ती पुढे एप्रिल १९१७ मध्ये; पण जर्मनांविषयीचा रोष तेव्हाच वाढू लागला होता. या आकारांत कोणताही गूढ अर्थ नाही, असे हार्टलीने जाहीर केले. हे असत्य होते काय? आम्हांला पेत्राची आठवण होते. त्यानेही भयापोटी 'मी त्याला ओळखत नाही' असे सांगितले होते. पुढे त्याच्या अश्रूंनी सत्य सांगितले. हार्टलीच्या ओठांनी जे नाकारले, ते त्याच्या रंगांनी नाकारले नाही.

कोणी म्हणेल, त्या अधिकाऱ्याच्या हातूनही कुणा मातेचा पुत्र मारला गेला असेल. असेलही. म्हणून काय? मृतासाठी प्रार्थना करणे म्हणजे त्याला निर्दोष ठरविणे नव्हे. न्याय परमेश्वराच्या हाती सोपविणे म्हणजे प्रार्थना. मृतांच्या मिस्सेत आम्ही जांभळी वस्त्रे परिधान करतो, पूर्वी काळी करीत असू. शवपेटीत कोण आहे, हे पाहून तो रंग बदलत नाही. श्रीमंत, दरिद्री, सज्जन, अपराधी, सर्वांना तोच.

प्रभूने शत्रूवर प्रीती करावयास सांगितले, आणि मरणाच्या दारात ती प्रीती थांबवावी असे कोठेही सांगितले नाही. येत्या २ नोव्हेंबरला आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावू. ज्याच्याशी आपले हाडवैर होते आणि जो समेटाविनाच गेला, त्याच्या कबरीपाशी आपली पावले क्षणभर थबकतील काय? तेथे एक मेणबत्ती लावण्याचे धैर्य आपण प्रभूकडे मागू या.