कोरड्यात बसलेला साहेब

२६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली जेमतेम ७३ मिलिमीटरची. दोन्ही ठिकाणं एकाच शहरातली. मुंबईची तुंबई का झाली याची कारणं तेव्हापासून दर पावसाळ्यात उगाळली जातात. मिठी नदी बुजवली, जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, त्यात दुपारी तीनच्या सुमारास साडेचार मीटरची भरती. सगळी कारणं खरी. पण मला त्या दोन आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. मंत्रालय, बँकांची मुख्यालयं, बड्या कंपन्यांच्या कचेऱ्या तेव्हा बहुतेक दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या बाजूला. तिथल्या खिडकीतून दिसणारा पाऊस जुलैतला नेहमीचाच. तिथे काम करणाऱ्यांची घरं मात्र कुर्ला, कल्याण, विरारकडे. माणसांना कधी सोडायचं हे ठरवणारा कोरड्यात होता आणि ज्यांना जायचं होतं त्यांचे रूळ पाण्याखाली गेले होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे पाण्यालाही लागू पडतं.

संध्याकाळी अनेक ऑफिसांनी ‘निघा आता’ म्हटलं. तोवर लोकल बंद पडल्या होत्या. माणसं रात्रभर छातीएवढ्या पाण्यातून चालत राहिली. काहीजण बंद पडलेल्या गाडीतच बसून राहिले, दारं-काचा उघडल्या नाहीत आणि आतच गुदमरून गेले. सकाळी अकराला ‘जा’ म्हणणं आणि संध्याकाळी पाचला ‘जा’ म्हणणं यात फार फरक आहे. पहिल्यात सवलत असते. दुसऱ्यात वरिष्ठ फक्त आपल्या डोक्यावरची जबाबदारी रस्त्यावर सोडून देतो.

त्या दिवशी मी साकीनाक्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, तळमजल्यावरच्या ऑफिसात होतो. गडगडाट असा की खिडक्यांची तावदानं थरथरत होती. दाराशी पोती रचून सगळे निर्धास्त बसले होते, आणि पाणी आलं ते संडासाच्या मोरीतून, काळं, बुडबुडे सोडत. मग फाइली टेबलावर, टेबलावरच्या कपाटावर, संगणक जिन्यात. दिवे गेले, यूपीएसची टूंटूं तेवढी चालू राहिली. मालक फोनवरून सांगत होते, ‘आधी सर्व्हर वर न्या.’ नेला. कोण कुठे राहतं, कोणाच्या घरी लहान मूल एकटं आहे, हे विचारायच्या आत फोनच लागेनासे झाले. रात्री वरच्या मजल्यावरच्या शिलाई कारखान्यातल्या कारागिरांनी आम्हाला कापडाच्या ताग्यांवर झोपायला जागा दिली आणि आपल्यातला डाळभात वाढला.

गेटवरच्या वॉचमनची पाळी रात्री आठला संपायची. रिलीव्हर आलाच नाही. पाणी कमरेला लागलं तरी तो गेटची साखळी धरून उभा. आम्ही वरून हाका मारल्या, तर म्हणाला, ‘गेट सोडलं तर एजन्सीवाले पगार कापतील, साहेब.’ शेवटी कारागिरांपैकी दोघे खाली उतरले आणि त्याला दंडाला धरून वर घेऊन आले. त्या गेटच्या आत तोवर राखण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

पुढे चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी एसटीच्या आगारात शिरलं, तेव्हा तिथले आगारप्रमुखही असेच सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन एका बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. बातमी वाचून ऊर भरून आला, कौतुकही सगळीकडे झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण कौतुक करून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा राहतो. पूर आला तर रोकड कुठे न्यायची, ती बुडाली तर कोणाला जबाब द्यावा लागणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं तर एका माणसाला जिवावर उदार व्हावं लागलं असतं का? निष्ठेचे गोडवे गाताना आपण नकळत तिची सक्तीही करत असतो. आज टपावर बसलेल्याचा हार-तुरे देऊन सत्कार होतो. उद्या जो जीव वाचवायला पैसे सोडून निघेल, त्याला त्याच मापाने मोजलं जातं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात एक साधं तत्त्व आहे. जिवाला गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं रास्त कारणाने वाटून कामगार जागा सोडून गेला, तर त्याला त्याची झळ बसता कामा नये. हे तत्त्व पाळायला करारावर कुठल्या सरकारी सहीची वाट पाहावी लागत नाही. प्रत्यक्षात मात्र ‘ज्यांना शक्य आहे त्यांनी कामावर यावे’ असा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. वाचायला तो समंजस वाटतो. पण कायम नोकरीवाल्याच्या ‘शक्य नाही’ला रजा मिळते, रोजंदारीवाल्याच्या ‘शक्य नाही’चा खाडा लागतो. म्हणून रेड अलर्टच्या दिवशी सर्वांत आधी पाण्यात पाय घालतो तो सर्वांत कमी पगाराचा माणूस.

धाडसाची वेळ येऊच नये, अशी तजवीज करणं वरिष्ठाच्या हातात असतं. हाताखालच्या प्रत्येकाचं स्टेशन कोणतं, वाटेत पाणी कुठे तुंबतं, गाड्या बंद पडल्या तर मुक्काम आणि जेवण कुठे, रिलीव्हर आला नाही तर वॉचमनला गेट सोडायला कोण सांगणार, त्या दिवसाचा रोज कापायचा नाही हे लेखी कोण देणार, एवढं कागदावर उतरवायला मे महिन्यातली एक दुपार पुरते. मुसळधार पाऊस सुरू झाल्यावर ते ठरवायला बसलेला साहेब कितीही कनवाळू असला तरी उशीरच करतो, आणि त्या उशिराची किंमत त्याच्या खिशातून जात नाही.