अंगणातले मूल कोणाचे?

मूल एका घरात जन्माला येते; पण त्याला वाढवण्याची जबाबदारी त्या घराचीच की सगळ्या समाजाची, हा नीतिशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये रक्षकवर्गापुरते त्याचे टोकाचे उत्तर दिले: मुले सामाईक असावीत, दायांनी ती एकत्र वाढवावीत आणि आपले मूल कोणते हे आईबापांना कळूही नये. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये याला हरकत घेतली. जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच नीट घेत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

भारतीय धर्मशास्त्राने बालपणाचा काळ घरावर सोपवला. नामकरण, अन्नप्राशन, चौल हे सारे संस्कार घरचे. उपनयनापूर्वी मुलाच्या वागण्या-बोलण्यावर, खाण्यापिण्यावर निर्बंध नाहीत, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ही सूट उदार आहे. बालपणाला ती बालपण म्हणून जागा देते. मात्र सांभाळायला घरात कोणीतरी आहे आणि चुलीवर अन्न शिजते आहे, हे तिने धरूनच चाललेले असते. शिवाय ज्या उपनयनापाशी ही मोकळीक संपते, ते उपनयन समाजातल्या बहुसंख्य मुलांच्या वाट्याला कधी आलेच नाही. आई पहाटे मजुरीला जाते त्या झोपडीतल्या मुलाची मोकळीक म्हणजे हेळसांडच.

या प्रश्नाला महाराष्ट्रात मिळालेले सर्वांत विचारपूर्ण उत्तर ग्रंथात नाही, कामात सापडते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गावात बालवाडी निघाली, तरी दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले तिथे येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली आणि घरापुढच्या अंगणात भरू लागली. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला राहिली आणि शिंपले, बिया, पाने, खडे पुढे आले.

या अंगणात प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांच्या वादाची कोंडी फुटते. इथे मूल आईपासून तोडले जात नाही आणि आईच्या एकटीच्या माथी मारलेही जात नाही. अंगण घराचेच राहते. समाज तिथे चालत येतो. आंघोळ हे संगोपन आणि गाणे हे शिक्षण, अशी फाळणीही तिथे टिकत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अंग स्वच्छ करणारा हात आणि शिकवणारा हात एकच असतो. संगोपनाला हलके आणि शिक्षणाला वरचे मानण्याची सवय ही मोठ्या माणसांची. मुलाला तो भेद ठाऊक नसतो.

1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. तिथे दुसरी अडचण दिसली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली मुलगी शाळेत येणार कशी? म्हणून ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. एका मुलाला सांभाळण्याची सोय नसेल, तर दुसऱ्या मुलाचे शिक्षण बुडते. जबाबदारी ‘ज्याची त्याची’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे, कारण इथे एका घराच्या हतबलतेची किंमत त्याच घरातले दुसरे मूल मोजत असते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण या सेवा एका छताखाली आल्या. यातून एक नवा नैतिक पेच उभा राहिला. मायेने करायचे काम म्हणून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना वेतन नव्हे, मानधन दिले जाते. माया विकत घेता येत नाही, हे खरेच. पण वजन करणे, नोंदवह्या भरणे, आहार वाटणे, गृहभेटी देणे हे श्रम आहेत, आणि श्रमाला सेवाभावाचे नाव देऊन त्याचा मोबदला कमी ठेवणे अन्यायाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू असल्याचा निर्णय दिला, तेव्हा या श्रमाला कायद्याची काही मान्यता मिळाली.

मुलाच्या बाजूने मात्र कायदा अजून अर्ध्या वाटेवर आहे. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क केला. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण अनुच्छेद 45 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. तिथे राज्याने प्रयत्न करावा, एवढेच म्हटले आहे. शिक्षण हक्क कायद्याचे 11 वे कलमही तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था सरकार करू शकेल, एवढेच म्हणते. तीन वर्षांखालील मुलाचा त्या कलमात वेगळा उल्लेख नाही.