सैन्य तिघांचं, जाब कोणाला?

‘आफ्रिकेतल्या त्या तीन गरीब देशांना जमतं, मग आपल्या दक्षिण आशियाला काय धाड भरली आहे?’ एका मित्राचा हा सवाल काही केल्या डोक्यातून जात नाही. देश म्हणजे माली, बुर्किना फासो आणि नायजर. पाच हजारांचं संयुक्त सैन्य उभारणार, असं 2025 च्या जानेवारीत नायजरच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं आणि मित्र हरखून गेला. शेजारी एका छावणीत जेवायला बसले की भांडणं मिटतात, हा त्याचा लाडका सिद्धांत. आता माली आणि बुर्किना फासो 1985 च्या डिसेंबरात अगाशेर पट्ट्यावरून एकमेकांशी लढले होते खरे. पण ते भांडण पुढच्या वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मिटवलं. तिथे संयुक्त छावणी नव्हती, संयुक्त जेवण तर नव्हतंच.

हे तिन्ही देश ज्या साहेल पट्ट्यात आहेत, तिथे काय चाललंय हे वाचकांना ठाऊक आहे: बंडखोर, जिहादी गट, एकामागून एक लष्करी उठाव, फ्रेंचांची रवानगी, रशियनांचं आगमन. ते उगाळत बसत नाही. मला पहिल्यापासून एकच फरक महत्त्वाचा वाटत आला आहे. संयुक्त सैन्यं दोन जातींची असतात. एक सीमा राखतं, दुसरं गादी राखतं.

आखाती देशांचंच घ्या. सहा राजवटींनी 1982 मध्ये ‘पेनिन्सुला शील्ड’ नावाचं संयुक्त दल उभं केलं. तळ सौदी अरेबियात, कुवेतच्या सीमेजवळ, हफर अल-बातिनला. ऑगस्ट 1990 मध्ये सद्दामने कुवेत गिळलं, तेव्हा शेजारीच असलेल्या या दलाला काही करता आलं नाही. मार्च 2011 मध्ये मात्र बहारीनचा राजा आपल्याच निदर्शकांपुढे डगमगला, तेव्हा त्याच दलाच्या नावाने सौदी गाड्या किंग फहद पूल ओलांडून दाखल झाल्या. महत्त्वाच्या ठिकाणांचं रक्षण करायला, असं सांगण्यात आलं. वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या उशाशी बसलेली इंग्रजांची तैनाती फौज ज्यांनी शाळेत अभ्यासली, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

साहेलचं सैन्य याच दुसऱ्या जातीचं, हे माझं मत जवळजवळ ठरलेलं होतं. जुलै 2023 मध्ये नायजरमध्ये उठाव झाला, ‘इकोवास’ या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने सैन्य घुसवण्याची धमकी दिली, आणि दोन महिन्यांच्या आत, 16 सप्टेंबरला, तिघांनी सनदेवर सह्या केल्या. एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला. तिन्ही सह्या उठाव करून आलेल्या राजवटींच्या. मित्राला म्हटलं, ही एकी लोकांची नव्हे, खुर्च्यांची आहे.

त्यावर त्याने युरोप काढला. त्याने तो काढायला नको होता, कारण ही गोष्ट मला फार आवडते. ऑक्टोबर 1950 मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान रने प्लेव्हाँ यांनी युरोपच्या एकत्रित सैन्याची कल्पना मांडली, ती जर्मनीच्या प्रेमापोटी नव्हे. कोरियात युद्ध पेटलं होतं, अमेरिकेला जर्मन सैनिक हवे होते, आणि फ्रेंचांना जर्मन सैनिक चालणार होते पण जर्मन सैन्य चालणार नव्हतं. म्हणून ते सर्वांच्या सैन्यात विरघळवून टाकायचं. मे 1952 मध्ये सहा देशांनी पॅरिसमध्ये करार केला. आणि 30 ऑगस्ट 1954 रोजी तो 319 विरुद्ध 264 मतांनी कोणी बुडवला? फ्रेंच संसदेनेच. पुढच्या मे महिन्यात पश्चिम जर्मनी नाटोत गेली आणि वर्ष संपायच्या आत तिचं स्वतःचं सैन्य उभं राहिलं. जे टाळायचं तेच पदरात पडलं. मित्र गप्प झाला. पण यातून माझा मुद्दा सिद्ध होत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

माझ्या मुद्द्याला खरा तडा गेला तो इनाटामुळे. बुर्किना फासोच्या उत्तरेतली ही चौकी. 2021 च्या नोव्हेंबरात तिथल्या निमलष्करी जवानांनी वर कळवलं की शिधा संपलाय, दोन आठवडे आसपासची जनावरं मारून खातोय. दोनच दिवसांनी हल्ला झाला. जवळजवळ पन्नास जवान गेले. राजधानी वागाडुगूत लोक रस्त्यावर आले, आणि जानेवारीत अध्यक्ष काबोरेंना सैन्याने खाली खेचलं. म्हणजे गादी पडली ती सीमेवरच्या चौकीत धान्य न पोचल्यामुळे. मग सीमा राखणं आणि गादी राखणं वेगळं कसं करायचं? जिथे तिन्ही देश भिडतात त्या लिप्ताको-गुर्मा भागात हल्लेखोर सीमा पाहत नाहीत आणि पाठलाग करणाऱ्याला ती पाहावी लागते. तिथे संयुक्त सैन्य हवंच, हे मला आता नाकारता येत नाही.

पण इनाटात जाब विचारायला एक राजधानी होती. संयुक्त दलाला जाब विचारायला बाहेरचं कोणीतरी लागतं. या तिघांसह पाच देशांचं ‘जी-5 साहेल’ दल आधी होतंच. 19 मे 2018 रोजी मालीतल्या बुलिकेसीच्या गुरांच्या बाजारात त्या दलाचा एक सैनिक मारला गेला, आणि त्याच्या साथीदारांनी बारा नागरिकांना ठार केलं. हे उघड केलं मालीत असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेने. 2023 संपता संपता ती मोहीम मालीतून गेली. तिला जायला बामाकोनेच, म्हणजे मालीच्या सरकारनेच, सांगितलं होतं. 2025 च्या सप्टेंबरात तिन्ही देशांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातूनही बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा हे सैन्य कोणाची गादी राखतं यावर मी आता मित्राशी वाद घालत नाही. उद्या बुर्किनाच्या अधिकाऱ्याच्या हुकमावरून नायजरच्या सैनिकाने मालीच्या बाजारात गोळी झाडली, तर मेलेल्याच्या घरच्यांनी बामाकोला जायचं, वागाडुगूला की नायजरच्या राजधानीला, नियामेला, एवढंच विचारतो. तो म्हणतो, आधी जिहादी तर आवरू देत, चौकशा मागाहून. या वेळी त्या मागाहून करणार कोण, ते मात्र तो सांगत नाही.