थंड बोनेट

सव्वीस वर्षं मी कॉलेजात अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा ग्रंथ शिकवला. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, जसं स्वयंपाकघरात. हे उदाहरण फळ्यावर इतक्यांदा लिहिलं, की धुराकडे नीट बघायचं राहूनच गेलं. ते शिकवलं एका जुन्या गाडीने.

गाडी कोल्हापुरात घेतली. 2011 ची, पेट्रोलवरची, एकाच मालकाने वापरलेली. बघायला गेलो तेव्हा त्याने ती आधीच एक चक्कर मारून आणली होती. बोनेटला हात लावला तर चांगलं तापलेलं. “म्हटलं, तुमचा खोळंबा नको.” मला त्याचं कौतुकच वाटलं. पुढे व्यवहार झाला, आंबा घाट उतरलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता. साखरप्याला सपाटी लागल्यावर पाय दाबला, तर मागून मोटारसायकलवर येणारा भाचा हॉर्न वाजवत पुढे आला. “मामा, केवढा निळा धूर सोडलात!” मी आरशात बघेपर्यंत धूर विरलाही होता. आपल्या गाडीचा धूर आपल्याला सगळ्यात शेवटी दिसतो.

आमच्या रत्नागिरीत मिरजोळ्याच्या एमआयडीसीजवळ एक मिस्त्री आहे. त्याने बोनेट उघडायच्या आधी मला दोनच प्रश्न विचारले: धुराचा रंग कुठला, आणि केव्हा येतो? काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि गाडी तापली तरी न थांबणारा असेल तर कूलंट जळतंय, बहुधा हेड गॅस्केट. (गार सकाळी सायलेन्सरमधून येते ती नुसती वाफ. वाफेला धूर समजणाऱ्यांची दखल जुन्या तर्कग्रंथांनीही घेतली आहे.) निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पण कुठून? चढावर जोर लावताना धूर येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. उतार संपवून पाय दाबल्यावर येत असेल तर वॉल्व्हच्या सीलवर. उतारावर थ्रॉटल बंद असतो, आतला पिस्टन हवेसाठी ओढ घेतो आणि कडक झालेल्या रबरी सीलमधून ऑइल वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली शोषलं जातं. ते मग एकदम जळतं. रात्रभर उभ्या गाडीतही तेच ऑइल थेंबथेंब झिरपतं, म्हणून सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपकारा, आणि मिनिटभरात सगळं स्वच्छ.

तरी खात्री म्हणून त्याने प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा फारसा हलला नाही. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चढला असता. ऑइल भरायचं झाकण काढलं. तिथून हवेचा झोत, म्हणजे बॅक कॉम्प्रेशनही, नाही. “गुरुजी, रिंगा शाबूत आहेत. सील गेलीत.”

घरी येऊन अन्नंभट्ट पुन्हा काढला. धुरावरून अग्नी कळतो, पण अग्नीवरून धूर कळत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी अग्नीला ओल्या सरपणाची जोड लागते. नैयायिक तिला उपाधी म्हणतात. निरोगी इंजिन म्हणजे तो लोखंडी गोळाच की! आत मिनिटाला हजारो ठिणग्या पडतात, बाहेर डोळ्यांना काही दिसत नाही. आत अग्नी आहे हे सांगायला मिस्त्रीला धूर नकोच. धुरावरून तो उपाधी ओळखतो, जळू नये असं काय जळतंय ते.

मग कोल्हापूरचा मालक खोटं बोलला का? एक अक्षरही नाही. अनुमानाला हेतू, म्हणजे धुरासारखी खूण, दिसावा लागतो; त्याने गाडी तापवून माझा हेतूच पुसून टाकला. मला हे खोटं बोलण्याहून वाईट वाटतं. कोणी खोटं बोललं तर त्यावर निदान शंका घेता येते.

आता मोतीबिंदूमुळे मी गाडी विकायला काढली आहे. हेड उतरवून सील बदलायचा खर्च या वयात नको वाटतो. एजंट म्हणाला, “जाड ऑइल टाका, गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवा. सगळे तेच करतात.” मला गीतेचा अठरावा अध्याय आठवला: धुराने अग्नी वेढलेला असावा तसं प्रत्येक कर्म दोषाने वेढलेलं असतं. गाडी विकणाऱ्याला फार सोयीचा श्लोक. पण तो स्वधर्म सोडू नये हे सांगायला आला आहे, सायलेन्सर झाकायला नाही. टिळकांचा जन्म इथलाच, 1856 चा. ‘गीतारहस्या’तल्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात त्यांनी सत्याला कुठे अपवाद चालतो याची अवघड गाठ सोडवायला घेतली आहे. ते सगळं प्रकरण पुन्हा वाचलं. माझ्या गाडीला बसेल असा अपवाद मला तरी सापडला नाही.

ऑइलची वही वर्षभर ठेवली आहे. गेजची काडी दर रविवारी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सपाटीवर बघायचो. आमच्या उतरत्या गल्लीत ती काडीसुद्धा चुकीचं सांगते. हजार किलोमीटरला साधारण 400 मिली ऑइल जातं. गाडी घ्यायची असेल तर सकाळी सातला या, मी चालू करायच्या आधी. बोनेटला हात लावून बघा, मग सायलेन्सरमागे उभे राहा. किल्ली मी फिरवतो.