आक्काची सही

हिर्डोशीत, नीरा देवघर धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला आबांची भाताची खाचरं होती. खालची धरणात गेली. उरली त्यांवर घरापुरतं भात निघायचं. वरंध घाटाच्या रस्त्याने पुण्याच्या गाड्या वाढल्या, तशा एजंटाच्या खेपाही वाढल्या. पाणी दिसणाऱ्या जमिनीला त्याच्याकडे गिऱ्हाईक तयार होतं.

आबा भोरला वकिलांकडे गेले. "पोरांना जमीन बक्षीस देतो, पण कधी विकायची नाही अशी अट घाला."

"आबा, ती अट टिकायची नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं दहावं कलमच तसं आहे." अमेरिकेत शेतकरी जमिनीवरचा बांधकामाचा हक्क करार करून कायमचा सोडू शकतो, पुढे मालक कुणीही होवो, तिथे शेतीच राहते. आपल्याकडे तसा सरळ कागद नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2013 साली ग्रामदान कायद्याखाली शेतं ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, पण त्याला गाव एक व्हावं लागतं. हे सगळं वकिलांनी समजावलं.

"मग मी एकट्याने काय करू?"

"लेक आहे ना? 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिचा वाटा मुलांइतकाच आहे. भावांसाठी तो सोडायचा कागद, म्हणजे हक्कसोड, करू नको म्हणावं तिला. तिच्या सहीशिवाय सगळी जमीन विकता यायची नाही."

आषाढात लेक, आक्का, लावणीला आली. गुडघाभर चिखलात तरव्याची मूठ सोडता सोडता आबांनी वकिलांचं म्हणणं तिच्या कानावर घातलं.

आबा गेले. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. दिवसकार्य उरकताच थोरल्याने हक्कसोडाचा कागद पुढे केला. गावोगावच्या कितीतरी बहिणी असा कागद न वाचताच सही करतात, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटतं. लग्नात खर्च केला म्हणजे तिचा वाटा फिटला, ही समजूत मला निव्वळ अन्यायाची वाटते. आक्काने कागद वाचला. "मला पैसा नको, भात तुम्हीच खा. पण सही करणार नाही."

एजंटाने हात आखडता घेतला. भावांचा हिस्सा घेता आला असता. पण वाटप झाल्याशिवाय ताबा कोण देणार आणि कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार? दोन दिवाळ्या भावांनी तिला भाऊबीजेला बोलावलं नाही. लावणीला मात्र ती येत राहिली.

शेजाऱ्याने विकलं. तारेचं कुंपण पडलं, गुरांची पाण्यावर जायची वाट बंद झाली, आणि त्याचाच मुलगा तिथे राखणीला लागला.

तिसऱ्या वर्षी थोरला स्वतः आक्काला आणायला गेला. बांधावर भाकरी खाताना म्हणाला, "आक्का, पोरीचं लग्न ठरतंय. हक्कसोड म्हणजे काय, ते तिला तूच समजावून सांग."