‘सांगता येत नाही’

वैद्यकविद्या कोणास शिकवावी, हा प्रश्न आजकालचा नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरूने शिष्य कसा पारखून घ्यावा, याचे विवेचन आहे; स्मरणशक्तीबरोबर बुद्धी व शील यांचाही त्यात विचार केलेला आहे. आता ही पारख गुरूच्या हातून निघून परीक्षामंडळाच्या हाती गेली आहे. आपल्याकडील ‘नीट’ परीक्षेत २०२५ साली पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र या विषयांवर १८० प्रश्न होते. म्हणजे ती मुख्यतः संपादिलेल्या ज्ञानाची परीक्षा होय. विलायतेत निराळी रीत आहे. तेथे २००६ साली सुरू झालेली व २०१९ पासून ‘यूकॅट’ या नावाने ओळखली जाणारी परीक्षा आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही ती देतात. तिच्या ‘भाषिक तर्का’च्या भागात २०२५ साली २२ मिनिटांत ४४ प्रश्न सोडवावयाचे होते. एक उतारा द्यावयाचा, खाली एक विधान द्यावयाचे, आणि उताऱ्यावरून ते खरे, खोटे की ‘सांगता येत नाही’, एवढेच विचारावयाचे, असे त्यांतील काही प्रश्नांचे स्वरूप असते. या तिसऱ्या उत्तराचा नैतिक अर्थ काय, याचा येथे थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. समजा, उतारा असा आहे : ‘जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर येडगाव येथे धरण आहे. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी ते एक होय. या प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी तालुक्याबाहेरील शेतीलाही मिळते.’ आता ‘येडगावचे धरण हे या प्रकल्पातील एकमेव धरण आहे’ हे विधान उघड खोटे. ‘प्रकल्पाचा लाभ एकाहून अधिक तालुक्यांना होतो’ हे खरे. परंतु ‘धरणामुळे येडगावचा शेतकरी सधन झाला’ या विधानाचे काय करावे? ज्याचा ऊस पाण्यावर उभा आहे तो ‘खरे’ म्हणेल. ज्याची जमीन जलाशयाखाली गेली तो ‘खोटे’ म्हणेल. आणि दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिकच असतील. तरी योग्य उत्तर एकच : सांगता येत नाही. उताऱ्यात जे आहे ते निराळे आणि आपण पदरचे घातलेले निराळे, हा विवेक राखणे एवढेच येथे मागितले आहे. गंमत अशी की, येडगावविषयी ज्यास काहीच ठाऊक नाही त्याला हा प्रश्न सोपा जातो आणि गावच्या माणसास अवघड!

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. रोग्याच्या उशाशी त्याचा काय उपयोग? आमच्या मते उपयोग मोठा आहे. रोगी म्हणतो, ‘गोळ्या चालू आहेत.’ त्या रोज, ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेने पोटात जातात, असे या वाक्यात कोठेही म्हटलेले नाही. घाईचा वैद्य ते मनानेच भरून घेतो, औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष काढतो आणि मात्रा वाढवितो. ऐकलेल्या वाक्यात स्वतःची भर घालणे ही एरवी लहानशी चूक. पण वैद्याच्या हातून ती झाली की तिचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या देहाला भोगावे लागते. म्हणून आपल्या अज्ञानाची सीमा ओळखणे हा वैद्याच्या ठायी केवळ बुद्धीचा नव्हे, शीलाचाही गुण ठरतो.

या परीक्षेवरचे दोन आक्षेप थोडक्यात सांगून टाकतो. एका प्रश्नास सरासरी अर्धेच मिनिट मिळत असेल, तर विवेकापेक्षा वाचनाचा वेगच मोजला जाण्याची भीती आहे. शिवाय ही परीक्षा इंग्रजीतून होते. त्यामुळे घरी मराठीत विचार करणाऱ्या मुलाचा तर्क चुकला की भाषा अडली, हे उत्तरावरून कळत नाही. आपली ‘नीट’ २०१७ पासून मराठीतूनही देता येते, ही गोष्ट या दृष्टीने न्यायाचीच म्हटली पाहिजे.

परंतु खरा आक्षेप याहून खोल आहे. परीक्षेत ‘सांगता येत नाही’ म्हटले की गुण मिळतो आणि प्रकरण मिटते. रोग्यापुढे मात्र तेथूनच कामास आरंभ होतो. शेतात कोणास साप चावला आणि तो साप कोणी पाहिला नाही, असे समजा. ‘कोणता साप, सांगता येत नाही’ हे उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. पण तेवढे बोलून जो स्वस्थ बसेल त्याला वैद्य कोण म्हणेल? जाणता वैद्य रोग्यास ठेवून घेतो, पापण्या जड होतात काय, रक्त गोठते की नाही, हे पुनःपुन्हा पाहतो, आणि विषाची लक्षणे दिसताच नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालणारी लस देतो. सापाचे नाव त्याला अखेरपर्यंत कळले नाही तरी चालते. लक्षणे दिसत नसली, तरी ‘विष भिनलेच नाही’ असे घाईने ठरवून तो रोग्यास घरी धाडीत नाही.

आपल्या न्यायशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. गौतमाच्या सोळा पदार्थांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. मध्ये दृष्टान्त, सिद्धान्त, तर्क इत्यादी पायऱ्या आहेत. संशय हा विचाराचा विसावा नसून उंबरठा आहे, असाच या क्रमाचा आशय आम्हास वाटतो. ‘सांगता येत नाही’ असे म्हणणारी माणसेही दोन प्रकारची असतात. एकास त्या शब्दांनी जबाबदारी टाळावयाची असते. दुसऱ्यास त्यांनीच ती आपल्या शिरावर घ्यावयाची असते. दोघांचे उत्तर एकच असल्यामुळे प्रश्नपत्रिका दोघांस सारखाच गुण देते. तो तिचा अपराध नव्हे, तिची मर्यादा होय.

ही मर्यादा ओळखून ते काम घराने व शाळेने पत्करले पाहिजे. आपल्या घरांत ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणणारे मूल मागासलेले ठरते आणि दडपून उत्तर देणारे हुशार म्हणून मिरवते. अशा संस्कारात वाढलेला मुलगा शिकवणीच्या बळावर तिसऱ्या पर्यायावर खूण करावयास शिकेलही. पण पुढे रोग्यासमोर तेच शब्द उच्चारण्यास त्याची जीभ कचरेल. तेव्हा ज्यांस आपली मुले वैद्य व्हावीत असे वाटते, त्यांनी मुलांना ‘सांगता येत नाही’ हे वाक्य निर्भयपणे बोलू द्यावे, आणि त्याला जोडूनच ‘पाहून सांगतो’ हे दुसरे वाक्य म्हणण्याची सवय लावावी. पहिल्या वाक्याला परीक्षेत गुण आहे. दुसऱ्याला कोठेच नाही, आणि रोग्याचा सारा भरवसा त्या दुसऱ्यावरच असतो.