दहावा कोण?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ९.

भगवंत इथे आपल्या भक्तांची खूण सांगतात. त्यांचं चित्त माझ्यात असतं, पण ते एकेकटे गप्प बसत नाहीत. एकमेकांना समजावतात, माझ्याबद्दल बोलतात आणि त्यातच रमतात. यातलं 'एकमेकांना' आज मला सोडत नाहीये. भक्ती तर माझी आणि देवाची गोष्ट. मग मध्ये दुसरा माणूस कशाला?

विचार करताना ज्यू धर्मातला एक नियम आठवला. त्यांच्या काही प्रार्थना दहा जण जमल्याशिवाय म्हणताच येत नाहीत. या दहांना 'मिन्यान' म्हणतात. परंपरेप्रमाणे मुलगा १३ वर्षांचा झाला की त्यात मोजला जातो. आता काही पंथांत मुलीही मोजल्या जातात.

आता ज्यू शाळेची सहल डोळ्यांसमोर आणा. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू. नियम पाळणारे असतील तर शनिवारी रात्र पडेपर्यंत गाडी नाही, मोबाइल नाही. उरतं काय? एकत्र जेवण, गाणी, गप्पा, प्रार्थना. आणि प्रार्थनेला नऊच जण जमले, तर वर्गात ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्यालाही हाक मारावीच लागते. तो कूल आहे का, हे कुणी विचारत नाही. तो आला नाही तर बाकी नऊ जणांचं अडतं.

जबरदस्तीची सोबत म्हणजे मैत्री का? नाही. नियम फक्त एका खोलीत आणतो. पण आपल्यासाठी नऊ जण थांबले होते, हे पंधराव्या वर्षी कळलेलं पोरगं सहज विसरत नाही. आणि थांबलेले नऊही त्याला पहिल्यांदाच नीट बघतात.

हे फार लांबचंही नाही. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग झालं १७९६ मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांना सिनेगॉग नव्हतं, पण शनिवार होता, आणि तो सोबत पाळणारी माणसं होती.

आपण हेडफोन लावून हरिपाठ ऐकतो, ॲपवर जप मोजतो. वाईट काहीच नाही. पण तिथे आपल्यावाचून कुणाचं अडत नाही. आमच्या लकडगंजात आरागिरणीवर मोठा ओंडका चौघांनी उचलायचा असला, तर तिघं कितीही तगडे असोत, चौथ्याला हाक मारावीच लागते. भगवंतांचं 'एकमेकांना' मला असंच वाटतं.

आजचा संकल्प : आपल्या ग्रुपमध्ये जो नेहमी गप्प असतो, त्याला आज एक फोन. "ये ना, तुझ्यासाठी थांबलोय," एवढंच म्हणा.

राम कृष्ण हरी!